निळ्या दाराची गच्ची

मावशीने मोबाइल काउंटरवर असा आपटला की घड्याळजींच्या चिमट्यातला बारीक स्क्रू उडून कुठल्या कुठे गेला.

"हे काय टाकलंय तुम्ही?"

पडद्यावर घड्याळजींच्या ड्रोनने टिपलेला व्हिडिओ चालू होता. दुकानावरून, पाण्याच्या टाक्यांवरून कॅमेरा तरंगत जात होता. निळ्या दाराच्या गच्चीवर कपडे वाळत घालणारी मुलगी दचकून वर बघते, चेहरा लख्ख दिसतो, आणि मग ती चादरीआड होते.

"झकास आलाय ना?" घड्याळजींचा चेहरा खुलला. साठीनंतर माणसाला खेळणं मिळालं की त्याला जगाचं भान राहत नाही, हेच खरं. "आठशे जणांनी पाहिला!"

"आठशे! अहो, ती माझी भाची आहे. नवऱ्यानं हात मोडलाय तिचा. पुन्हा सापडलीस तर जिवंत सोडणार नाही म्हणालाय. दोन महिने माझ्याकडे लपून राहिलीय, कुणाला कानोकान खबर नाही. परवा जरा उन्हात गेली, तर तुमचं हे भुणभुणतं भूत डोक्यावर!"

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या.

"मला खरंच माहीत नव्हतं हो." त्यांनी तिच्यासमोरच व्हिडिओ काढून टाकला. "हे बघा, गेला."

मावशीचा जीव भांड्यात पडला.

"कुणी काही विचारलं नाही ना?"

"विचारतात की. मी सगळ्यांना उत्तर देतो. चाळीस वर्षं या कोपऱ्यावर बसलोय, पत्ता विचारणाऱ्याला कधी विन्मुख पाठवलं नाही." बोलता बोलता त्यांच्या काहीतरी लक्षात आलं. "एकानं ही गच्ची कुठली म्हणून विचारलं होतं. जवळच्या माणसाशी ताटातूट झालीय म्हणाला. मला गलबलून आलं. गाव सांगितलं, चौक सांगितला. पुढचं आल्यावर फोन करा म्हटलं."

"कधी?"

"काल. आज सकाळीच निघतो म्हणाला."

काउंटरवर फोन वाजू लागला. मावशीचा नव्हता. घड्याळजींनी नंबर पाहिला. "तोच असणार."

"उचलू नका!"

"नाही उचलला तर दुसऱ्या कुणाला विचारेल. निळं दार काय, कुणीही दाखवेल." त्यांनी फोन कानाला लावला. "हो, मीच. चौकात पोचलात? मग असं करा, उजवीकडे वळा. पूल ओलांडून पार पलीकडे या."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाला चुकीचा रस्ता सांगितला होता. पलीकडून कुणीतरी बराच वेळ बोलत राहिलं. घड्याळजी ऐकत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरत गेला. त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाला मेला? बोला ना!"

"हसला. म्हणाला, काका, व्हिडिओ मी कालच उतरवून घेतलाय. त्यात तुमच्या दुकानाची पाटी दिसते."

घड्याळजींनी मागचं दार उघडलं.

"तिला घेऊन मागच्या मागे पोलीस चौकीत जा. पळा! पाटी बघून तो आधी माझ्याकडेच येणार."

मावशी पळाली. घड्याळजींनी आपली खुर्ची उचलली, दुकानाबाहेर, निळ्या दाराकडे जाणाऱ्या गल्लीच्या तोंडाशी आडवी ठेवली आणि तिच्यावर बसले.