खांबावरचा फोटो

"ताई, नका बघू. माझं ऐका," मास्तर म्हणाले आणि त्यांनी स्क्रीनवर चक्क स्वतःचा पंजा ठेवला.

"हात काढा."

"मी आत्ता बंद करून टाकतो. चिऊलाही सांगितलं मी, विसरून जा म्हणून."

"सोळा वर्षांची पोर बापाला तसं बघून आली. आठ दिवस अन्नाला शिवली नाही. आणि विसरून जा? हात काढा, मास्तर."

मास्तरांनी हात काढला आणि पाठ फिरवून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

बाई मोठ्या इस्पितळात टेलिफोन ऑपरेटर होत्या. बावीस वर्षं त्या बोर्डावर बसत होत्या, म्हणून डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना 'बोर्डाच्या बाई'च म्हणत. टायपिंग त्या याच खोलीत शिकल्या होत्या, याच मास्तरांच्या हाताखाली. दोन वर्षांपूर्वी मास्तरांनी टाइपरायटर मोडीत काढले आणि सहा कॉम्प्युटर मांडून इंटरनेट कॅफे सुरू केला. इंटरनेट तेव्हा नवं होतं, टेलिफोनच्या तारेतून कुरकुरत यायचं. आठ दिवसांपूर्वी त्यांची चिऊ इथे कॉलेजचा फॉर्म भरायला आली होती. शेजारच्या मशीनवर दोघंजण फिदीफिदी हसत होते, म्हणून तिने मान वळवली एवढंच.

तसल्या साइट तेव्हा कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवल्या होत्या. अपघात, सडलेली शरीरं, मेलेली माणसं. 'छान देखावा बघ' असं लिहून मित्राला लिंक पाठवायची, त्याने उघडली की समोर प्रेत. तो किंचाळला की आपण जिंकलो. असा खेळ होता तो.

काळ्या पानावर लाल अक्षरं होती. मधोमध बाईंचा नवरा. वीज खात्यातला लाइनमन, खांबावर, कमरेच्या पट्ट्याला लटकलेला, मान एका बाजूला. खाली लिहिलं होतं, 'गरमागरम, थेट खांबावरून.' त्याखाली आकडा : चार लाख अकरा हजार लोकांनी बघितलं. त्याखाली लोकांचे शेरे.

बाईंनी सगळे शेरे वाचले. एकूण एकशे त्रेसष्ट. कोणी म्हणत होतं, काका शेकून निघाले. कोणी विचारत होतं, बिल कोण भरणार. एकाने लिहिलं होतं, याहून भारी फोटो माझ्याकडे आहेत. बाई ओठ घट्ट मिटून वाचत राहिल्या. मग पुन्हा वर गेल्या आणि फोटोकडे बघत राहिल्या, इतका वेळ की मास्तरांनाच राहवलं नाही.

"ताई, पुरे आता."

"मास्तर, इकडे या. हे काय दिसतंय तुम्हाला?"

"नको हो—"

"तोंडाकडे बघू नका. हाताकडे बघा."

मास्तरांनी चष्मा सारखा केला. "हातमोजे आहेत. रबरी. कोपरापर्यंत."

"आणि खाली? खांबाच्या पेटीवर?"

"लाल पाटी. 'काम चालू आहे'."

दीड वर्षापूर्वी खात्याने चौकशी केली होती. अहवालात लिहिलं होतं, मृताने हातमोजे घातले नव्हते, पाटी लावली नव्हती, मृत्यूस तो स्वतः जबाबदार. त्यालाही हाच फोटो जोडला होता, कोपऱ्यात हीच नारिंगी तारीख. फक्त तो छातीपासून वर होता. फोटोतून हात कापलेले, पेटी कापलेली. एकवीस वर्षांत ज्याला साधं खरचटलं नाही, तो माणूस कागदावर बेफिकीर ठरला होता. सासऱ्यांनी तो कागद वाचला आणि म्हणाले, "असा कसा चुकला हा?" मरेपर्यंत तेच म्हणत राहिले.

"मास्तर, छापा हा. रंगीत. आणि खाली साइटचा पत्ता आला पाहिजे."

चौकशीतले फोटो काढले होते ते नवऱ्याच्याच कचेरीतल्या साहेबांनी. हा साहेब घरी येऊन जेवून गेलेला माणूस. बाईंनी त्याच्या टेबलावर छापील कागद ठेवला, तेव्हा तो खुर्चीतून अर्धा उठला.

"वहिनी, हे कुठून मिळालं तुम्हाला? किती घाणेरडे लोक असतात बघा!"

"कॅमेरा तुमच्याकडे होता."

"अहो, फोटो कपाटात असतात. किल्ली—"

"किल्ली तुमच्याकडे आहे."

साहेबांनी दरवाजाकडे पाहिलं, आवाज खाली आणला. "मी फक्त चार-पाच मित्रांना मेल केला होता. सुरक्षितता म्हणून. लोकांनी काळजी घ्यावी म्हणून. पुढे कोणी कुठे टाकला, मला काय माहीत?"

"मेलवर काय लिहिलं होतंत?"

"आता ते कसं आठवणार?"

"साइटवाल्यांनी तुमचा मेल जसाच्या तसा फोटोखाली चिकटवलाय, साहेब. फक्त तुमचं नाव काढून. 'आमच्या खात्यातली रोषणाई.' असं लिहिलं होतंत तुम्ही."

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि तसाच खाली ठेवला. "चूक झाली. गमतीत झालं."

"त्या दिवशी ते खांबावर असताना लाइन चालू करायला वीज केंद्रावर फोन कोणी केला होता? तेही गमतीत?"

"वहिनी, तोंड सांभाळून बोला."

"बावीस वर्षं तोंड सांभाळूनच बोलतेय. रोज हजार लोकांशी. आज नाही बोलणार." बाईंचा आवाज कचेरीभर गेला. टेबलांवरच्या माना वर झाल्या. "मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे ऐकले होते. तुम्ही तर ते पानात वाढून मित्रांना वाटलंत!"

घरी चिऊचं एकच म्हणणं होतं. "आई, आजच काढून टाकायला लाव तो फोटो."

"काढते. पण चौकशी पुन्हा उघडू दे. त्यांना तो तिथेच दिसला पाहिजे. नाहीतर म्हणतील, हा कागद तुम्हीच बनवलात."

"किती दिवस?"

"माहीत नाही."

"म्हणजे तोपर्यंत लोक बाबांना हसत राहणार?"

"हो."

"तू त्यांच्यासारखीच आहेस," चिऊ म्हणाली आणि खोलीत जाऊन तिने कडी लावली.

चौकशी पुन्हा उघडायला अकरा आठवडे लागले. चिऊ कामापुरतं बोलायची. बाई बोर्डावर बसून "नमस्कार, कोणता विभाग हवाय?" म्हणायच्या आणि दर सोमवारी मास्तरांकडे जाऊन आकडा बघायच्या. पाच लाख. पाच लाख ऐंशी हजार. एकदा मास्तर म्हणाले, "आपण बघतो ना, त्यानेही एकाची भर पडते." ते ऐकल्यावर त्यांनी बघणं बंद केलं.

सुनावणीला तीन अधिकारी होते. साहेबांच्या वकिलाने सुरुवातच केली, "असल्या अश्लील जागेवरचा फोटो पुरावा म्हणून कसा चालेल? ही समिती काय असली घाण बघत बसणार?"

"बसणार," बाई म्हणाल्या. "सहा लाख लोक बघून हसले. तुम्ही तिघं न हसता बघा. मूळ फोटो कपाटातून आणा, शेजारी ठेवा."

मूळ फोटो आणायला दोन तास लागले. त्यात मोजे होते, पाटी होती. सहा महिन्यांनी नवा अहवाल आला. 'मृताने सर्व दक्षता घेतली होती. त्याच्याकडून कोणतीही चूक झालेली नाही. केंद्रावरून वीजपुरवठा चुकीने सुरू करण्यात आला.' कोणाच्या चुकीने, ते लिहिलं नव्हतं. साहेबांची बदली झाली, बढतीवर. बाईंनी अहवाल चिऊसमोर ठेवला. चिऊने तो दोनदा वाचला, घडी करून स्वतःच्या दप्तरात ठेवला आणि म्हणाली, "चहा टाकू?" दोघी कितीतरी दिवसांनी एका टेबलाशी बसल्या.

फोटो काढून टाकण्याचा अर्ज बाईंनी सुनावणीच्या दिवशी दुपारीच पाठवला होता. साइटच्या मालकाचं उत्तर एका ओळीत आलं : 'हे बोलण्याचं स्वातंत्र्य आहे. आवडत नसेल तर बघू नका.' बाईंनी पुन्हा लिहिलं. त्याने तो नवरा असल्याचा पुरावा मागितला. बाईंनी मृत्यूचा दाखला पाठवला, तर त्याने तोही फोटोखाली लावला. लोक दाखल्यालाही हसले. त्या दिवशी बाई कॅफेच्या मोरीत जाऊन ओरडल्या. शब्द नव्हते, नुसताच आवाज. बाहेर मास्तरांनी पंखा मोठा केला.

मग त्यांनी साइटला जागा देणाऱ्या कंपनीचा नंबर शोधून काढला. फोनवर माणूस गाठणं हे त्यांचं कामच होतं. एकाने दुसऱ्याकडे दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. नवव्या दिवशी एका माणसाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "संध्याकाळपर्यंत काढतो." त्याने शब्द पाळला. पण तोवर फोटो इतर एकवीस ठिकाणी पोहोचला होता.

तेव्हापासून दर शनिवारी दुपारी ड्यूटी संपली की बाई कॅफेत पहिल्या मशीनवर बसत. एकेका साइटला अर्ज करत. काही ठिकाणांहून फोटो जाई, काही ठिकाणांहून शिवी येई. त्या शिवीचंही उत्तर शुद्धलेखनाची चूक न करता देत.

एका शनिवारी चिऊ त्यांना न्यायला आली. बाई स्क्रीनकडे बघत होत्या. चिऊ दचकून दारातच थांबली.

"बाबांचा नाही," बाई म्हणाल्या. "या पानावरून गेला तो. हा खालचा बघ. नको, तू नको बघू. एक म्हातारी आहे. रस्त्यावरची. गाडीखाली आलेली. तीन वर्षं झाली इथे आहे."

"कोण आहे ती?"

"कोणास ठाऊक. शेरे वाचले मी सगळे. तिच्या बाजूने एकही नाही."

त्यांनी अर्जाचं पान उघडलं. टाइपरायटरवर शिकलेली बोटं जोरात आपटत होती. कोणता फोटो, कुठे, का काढावा, हे सगळं भरून झालं. शेवटचा रकाना होता, 'मृत व्यक्तीशी आपलं नातं.'

बाई थांबल्या. चिऊ शेजारी स्टूल ओढून बसली.

बाईंनी लिहिलं, 'मुलगी'. आणि पाठवून दिलं.