आखाजीच्या आदल्या दिवशीची आग

चोपड्याहून यावलकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या त्या गावात धुरपदाबाईची चूल म्हणजे गल्लीतली पहिली निर्धूर चूल. पंचायत समितीच्या योजनेतून ती बसली, तेव्हा सासरे उखर्डू आबा दिवसभर गवंड्याजवळ बसून होते. चुलीला दोन तोंडं, मागून सिमेंटची नळी, ती आबांच्या खोलीच्या भिंतीलगत वर जाऊन धाब्यातून, म्हणजे मातीच्या सपाट छतातून, बाहेर निघालेली, आणि तिच्यावर पत्र्याची टोपी. पहिल्यांदा चूल पेटली आणि सगळा धूर मुकाट्याने वर निघून गेला, तेव्हा धुरपदाबाई चुलीपुढे नुसती बसूनच राहिली. लग्न होऊन आल्यापासून भाकऱ्या थापताना डोळे पुसायची तिला सवय होती. त्या दिवशी पदर कोरडा राहिला.

ही सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. दोन वर्षं चूल झकास चालली. मग आबांना लकवा झाला. उजवं अंग गेलं, जीभही जड झाली. तोंडातून निघायचं ते नुसतं घोगरं काहीतरी. धुरपदाबाई त्यांना भरवायची, कुशीवर वळवायची, नवरा जीवराम शेतातून आला की दोघं मिळून त्यांची आंघोळ उरकायची. आबांनी कुरकूर केली नाही, पण एक लकब लागली. डावा हात उचलून ते छताकडे बोट करायचे, पुन्हा पुन्हा. धुरपदाबाईला वाटायचं, म्हातारा देवाला हाक मारतोय. ती म्हणायची, "आबा, असं करू नका. आम्हाला सोडून कुठे जाता?" आबा डोळे मिटून घ्यायचे आणि हात खाली टाकायचे.

त्याच सुमाराला शेजारच्या सायरबाईशी तिचं बिनसलं. सायरबाई म्हणजे किराणा दुकानवाल्या कन्हैयालाल सेठची बायको. माहेर धुळ्याचं, बापाची तिथे मिठाईची भट्टी. गावात येऊन तिला एवढी वर्षं झाली होती, की ती गावासारखीच खान्देशी बोलायची, फक्त सुरात मारवाडी हेल. तिच्या घराला स्लॅबची गच्ची होती आणि धुरपदाबाईचं धाबं तिला अगदी लागून, हातभर खाली. गच्चीवर सायरबाई मुगाचे पापड वाळत घालायची. एके दुपारी तिने कठड्यावरून हाक मारली.

"धुरपदा, तुनी नळी झाडी ले. बठ्ठी काजळी मन्हा पापडवर पडी ऱ्हायनी."

आता हे तिने सरळ सांगितलं असेल, पण धुरपदाबाईच्या कानाला ते टोचलं. गल्लीभर ऐकू जाईल असं आपल्या घराला घाणेरडं म्हणते काय?

"मन्ही चूल चांगली शे, काकी," ती खालूनच म्हणाली. "तुमना पापड दुसरीकडे वाळत घाला."

सायरबाईने पापड गोळा केले. त्यानंतर बोलणं हो-नाहीपुरतं उरलं. खरं तर चूल चांगली नव्हतीच. दुसऱ्या तोंडावरचं पाणी तापायला उशीर लागायचा, धूर पुन्हा पुढून यायला लागला होता. धुरपदाबाईला वाटलं, सरकारी वस्तू, एवढीच टिकायची. तिने लाकडं जास्त कोंबायला सुरुवात केली. लाकडं तरी कुठली, कापसाच्या शेतातल्या पऱ्हाट्या. त्यांचा मोठा ढीग धाब्यावर रचलेला होता, नळीला टेकून, म्हणजे पावसापाण्यात जपून राहावा.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी दुपार कलल्यावर तिने पुरण शिजवायला घेतलं. सणाचे मांडे खापरावर करायचे तर खापर चांगलं लाल तापलं पाहिजे. म्हणून पुढच्या तोंडात तिने तुराट्या आणि पऱ्हाट्या ठासून भरल्या. बाहेर वैशाखाचा वारा सुटलेला. जाळ एकाएकी आत ओढला गेला. भिंतीतून आवाज यायला लागला, एखादी मोटार घाट चढताना घरघरते तसा. नळीच्या सांध्यांमधून लाल रेघ दिसली आणि लिंपलेली माती ढपली-ढपलीने गळून पडली.

"धुरपदा! ओ धुरपदा! नळीम्हा आग लागनी!" वरून सायरबाई ओरडत होती.

धुरपदाबाईने जवळची पाण्याची कळशी उचलली आणि चुलीवर ओतायला निघाली. तेवढ्यात धाब्यावरून खाली यायच्या झरोक्यातून सायरबाईचा चेहरा दिसला.

"पानी टाकू नको! नळी फुटी जाई! आबा भिंतीले लागून शेत!"

कळशी धुरपदाबाईच्या हातातच थांबली. तापून लाल झालेल्या नळीत पाणी गेलं तर वाफेने ती फुटेल, आणि तिचे तुकडे आबांच्या बाजेवर पडतील, हे एका क्षणात तिच्या लक्षात आलं. मग सायरबाई सांगत गेली आणि ती करत गेली. चुलीतली जळती लाकडं तिने चिमट्याने ओढून घमेल्यात टाकली. कालची थंड राख मूठमूठ निखाऱ्यांवर लोटली. परात उलटी करून चुलीचं तोंड झाकलं आणि फटींना ओलं पोतं दाबलं. आत हवा गेली नाही तर आग गुदमरते, हे सायरबाईने बापाच्या भट्टीवर पाहिलेलं होतं.

वर काय चाललं होतं ते धुरपदाबाईला पायांच्या आवाजावरून कळत होतं. सायरबाई कठडा ओलांडून धाब्यावर उतरली होती. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांची बाई, अंगावर लुगडं, डोक्यावर ऊन. नळीच्या तोंडातून ठिणग्या उडत होत्या आणि ढिगातल्या नळीकडच्या पऱ्हाट्या धुमसायला लागल्या होत्या. तिने काठीने तो ढीग लोटत लोटत पलीकडच्या उकिरड्याच्या बाजूला पाडला. काही काड्यांनी पेट घेतला होता, त्यांवर तिने गच्चीवर परातीत निवत ठेवलेलं पाणी आणून ओतलं. उरलेल्या पाण्यात पोतं भिजवून नळीभोवतीच्या मातीवर पसरलं. नळीत मात्र तिने थेंब जाऊ दिला नाही.

मग ती खाली धावत आली. आबांची बाज दोघींनी दोन बाजूंनी उचलली आणि ओसरीवर आणली. आबा डोळे मोठे करून पाहत होते. त्यांच्या डाव्या हाताचं बोट अजून वर होतं.

नळीतली घरघर हळूहळू कमी झाली. लाल रेघ विझली. तोवर गल्लीतले लोक जमले होते आणि जीवरामही केळीच्या बागेतून सायकल मारत आला होता. तो धाब्यावर चढला, धुमसत्या काड्या विझल्याची खात्री केली आणि खाली आला. सायरबाईच्या पायाला हात लावून तो बाजूला उभा राहिला.

"काकी, तुम्ही नसत्या तर..." धुरपदाबाई म्हणाली.

"राहू दे. आज चूल पेटवू नको," सायरबाई म्हणाली. तिचा आवाज ओढलेला होता. "नळी थंड झाल्यावर जीवरामला आतून बघू दे. कुठे तडा गेला असेल तर तिथून आबांच्या खोलीत धूर जाईल. निखाऱ्याचं घमेलं उकिरड्यावर ओतू नको, अंगणातच ठेव." एवढं बोलून ती ओठांवरून जीभ फिरवत घरी गेली.

ती गेल्यावर कन्हैयालाल सेठ दारात आले. इथे सगळे बरे आहेत ना हे बघून परत निघताना त्यांनी जीवरामला सांगितलं, "तिचा वर्षीतप आहे. एक दिवस उपास, एक दिवस जेवण, असं वर्षभर. आज उपास. उकळून निववलेलं पाणी तेवढं चालतं, तेही सूर्य मावळेपर्यंत. ते सगळं वरच्या परातीत होतं." त्यांनी मावळतीकडे पाहिलं. "आता पुन्हा उकळून निववेपर्यंत सूर्य मावळणार. असो. उद्या चोपड्याला पारणं आहे, तोवर निभावेल."

धुरपदाबाई ओसरीवरून धाब्याकडे बघू लागली. भर वैशाखात, दिवसभराच्या उपासात, प्यायचं पाणी त्या बाईने तिच्या पऱ्हाट्यांवर ओतलं होतं. आणि आपण तिला म्हणालो होतो, पापड दुसरीकडे वाळत घाला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच जीवराम धाब्यावर गेला. पत्र्याची टोपी काढून त्याने आत पाहिलं. नळीच्या आतून काजळीचा डांबरासारखा जाड थर होता. आगीने त्याचा बराचसा भाग जळून भाजलेल्या खवल्यांसारखा सुटला होता. झाडायला काहीतरी शोधताना धाब्याच्या कोपऱ्यात, जिथे काल ढीग होता, त्याला एक कळकाची लांब काठी सापडली. टोकाला शिंदीच्या पात्यांचा झुपका घट्ट बांधलेला. झुपका काजळीने काळा झालेला.

ती काठी घेऊन तो ओसरीवर आला. आबांनी ती पाहिली आणि त्यांच्या तोंडून घोगरा आवाज निघाला. डावा हात पुढे आला. त्यांनी काठी धरली, वर खाली, वर खाली हलवली, आणि बोट छताकडे केलं.

लकवा होण्याआधी दर अमावास्येला सकाळी आबा धाब्यावर जायचे. घरात सगळ्यांना वाटायचं, कबुतरांना दाणे टाकायला जातात.

"आबा, तुम्ही नळी झाडायचे?" जीवरामने विचारलं.

आबांनी मान हलवली. डोळ्यांतून पाणी ओघळलं. तोंडाची चांगली बाजू मात्र हसत होती. वर्षभर ते हेच सांगत होते. धुरपदाबाईने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला. दोन वर्षं आपला पदर कोरडा राहिला तो कुणामुळे, हे तिला आज कळत होतं.

जीवरामने नळी वरून झाडली. धुरपदाबाईने खाली चुलीचं मागचं झाकण काढून निघालेली काजळी घमेल्यात धरली. एका सांध्याजवळ बारीक तडा होता. तो भाग तात्पुरता बंद केला आणि चोपड्याहून नवा तुकडा आणेपर्यंत चूल न पेटवायचं ठरलं. पऱ्हाट्या आता गोठ्यामागे रचायच्या, हेही जीवरामने स्वतःहून सांगितलं.

सणाचा स्वयंपाक अंगणात तीन दगडांवर झाला. मांडे झाले नाहीत, साध्या पुरणपोळ्या झाल्या. पण धुरपदाबाईचं लक्ष पोळ्यांत नव्हतंच. तिने जीवरामला एका नातेवाइकाच्या शेतातून उसाची चार कांडकी आणायला लावली आणि फाट्यावरच्या गुऱ्हाळातून रस काढून घ्यायला सांगितला. वर्षीतपाचं पारणं उसाच्या रसाने होतं, एवढं तिला ठाऊक होतं. त्यासाठी स्वच्छ घासलेला पितळी तांब्या तिने दिला.

चोपड्याच्या जैन स्थानकात गर्दी होती. धुरपदाबाई तांब्या पदराखाली धरून मागेच उभी राहिली. आपल्यासारखीने पुढे जावं की नाही, तिला कळेना. सायरबाईला घरच्यांनी, भावाने, जावयाने एकेक वाटी रस पाजला. मग तिची नजर गर्दीतून मागे गेली.

"धुरपदा, तथा काय उभी ऱ्हायनी? ये ना."

लोकांनी वाट दिली. धुरपदाबाईने वाटीत रस ओतला. वाटी काठोकाठ भरली, थोडा सांडला. सायरबाईने तिच्या मनगटाला आधार देऊन वाटी ओठांना लावली आणि सगळा रस प्यायली.

"काकी," धुरपदाबाई हळूच म्हणाली, "तुमचं पाणी काल माझ्या पऱ्हाट्यांवर गेलं. तुम्ही तहानलेल्या राहिलात."

"पुढच्या वेळेला नळी तू झाडशील ना?"

"दर अमावास्येला."

"मग झालं," सायरबाई म्हणाली, आणि शेजारी बसलेल्या आपल्या वहिनीला तिने सांगितलं, "ही धुरपदा. आमची शेजारीण."

नळीचा नवा तुकडा आठवडाभराने बसला. सांधे लिंपून वाळू दिले, मग जीवरामने आत ओल्या गवताची मूठ पेटवली, म्हणजे धूर कुठून फुटतो का ते दिसावं. फुटला नाही. मगच धुरपदाबाईने चूल पेटवली, बेताचा जाळ ठेवून खापर तापवलं आणि राहिलेले मांडे केले. पहिला मांडा दुधात कुस्करून तिने आबांना भरवला. दुसरा ताटात ठेवून वर फडकं झाकलं आणि ती धाब्यावर चढली. कठड्याशी उभी राहून तिने हाक मारली.

"काकी, घरम्हा शेत का? गरम शे, लवकर या!"