शब्दकोशामागची बाटली

मी बत्तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. समोरच्याला आपल्यापेक्षा कमी कळतं असं दिसलं की माझी जीभ सुटते. चारचौघांत याला विद्वत्ता म्हणतात. मी आता म्हणत नाही.

बडोद्यात मांजलपूरला आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये मंदा राहते. नवरा विश्राम वाघोडियाच्या कारखान्यात, मुलगी अहल्या सहा वर्षांची. श्रावणात एका सकाळी मंदा धावत आली. "काका, मोरीत साप!"

जाळीपाशी वाळा, म्हणजे गांडुळासारखा दिसणारा आंधळा साप, वळवळत होता. शेवईपेक्षा जरासा जाड, वीतभरही नाही. मी तो तळहातावर घेतला आणि मायलेकींचा वर्गच भरवला. डोळे म्हणजे खवल्यांखालचे दोन काळे ठिपके, त्यांना उजेड-अंधार तेवढा कळतो. शेपूट डोक्यासारखंच बोथट, टोकाला बारीक काटा. विष नाही, माणसाला चावण्याएवढं तोंडही नाही. याच्याहून लहान साप बार्बाडोस बेटावर सापडतो, जेमतेम दहा सेंटिमीटरचा, मादी एका वेळी एकच अंडं घालते.

"हा मुंग्यांची अंडी खातो, मंदा. मुंगीच्या वासावर चालतो. जिथे मुंगी शिरते तिथे हा शिरतो," मी टेचात म्हणालो.

मंदाने हात जोडले. "श्रावण आहे काका, मारू नका. खाली सोडून या."

मी हो म्हणालो आणि सोडला नाही. इतका सुबक नमुना हाती आल्यावर मला राहवेना. घरी येऊन तो स्पिरिटच्या बाटलीत टाकला आणि बाटली कपाटात शब्दकोशामागे ठेवली. दुपारी मंदाने विचारलं, "बराबर सोडलात ने?" मी म्हणालो, "जिन्याखालच्या कुंडीत."

चौथ्या दिवशी अहल्याचा डावा कान ठणकू लागला. आदल्या आठवड्यात त्याच कानात मुंगी गेली होती. कोमट तेल घाल, असं तेव्हा मीच सांगितलं होतं, आणि मुंगी निघाली होती. आता मंदा दारात उभी, चेहरा पांढराफटक. "काका, तो साप कुंडीतच असेल ने? हिच्या कानात काहीतरी वळवळतंय, म्हणते."

कपाट चार पावलांवर होतं. बाटली दाखवली असती तर विषय संपला असता. पण श्रावणात साप मारला आणि वर खोटं बोललो, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? मी हसलो. "काहीतरीच तुझं! सर्दीने दुखत असेल. संध्याकाळी डॉक्टरला दाखव." आणि दार लावून घेतलं.

तिने संध्याकाळची वाट पाहिली नाही. मुंगीला कोमट तेल पुरलं, सापाला पुरणार नाही, असा तिने हिशेब केला. किंकाळी ऐकून मी धावत गेलो तेव्हा फोडणीची पळी तिच्या हातातच होती.

डॉक्टर म्हणाले, पडदा गेला, आतही भाजलंय, या कानाने ऐकू येणार नाही. सर्दीने कान सुजला होता, एवढंच.

तेव्हापासून विश्राम मंदाला रोज घालूनपाडून बोलतो. अडाणी, पोटच्या पोरीचा कान जाळलास. भिंतीपलीकडून मला सगळं ऐकू येतं. ती उलटून बोलत नाही. जिन्यात भेटली की म्हणते, "तुम्ही डॉक्टरला दाखव म्हणाला होतात, काका. मीच ऐकलं नाही." दोन महिने मी हे ऐकून घेतलं. मला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त.

दिवाळीच्या आधी एका दुपारी मी बाटली घेऊन तिच्या घरी गेलो. विश्राम कामावर होता. मंदाने बाटली उजेडात धरली.

"तोच का?"

"हो."

"कधीपासून आहे तुमच्याकडे?"

"त्याच दिवसापासून."

बाटली खाली ठेवून तिने अहल्याला जवळ ओढलं आणि तिच्या उजव्या, ऐकू येणाऱ्या कानावर तळहात दाबून धरला. आता एकच हात पुरत होता. आणि मग तिने तोंड उघडलं.