विहिरीकडचा डॉमनिक

मित्रांनो, मी कॉम्प्युटरचा एक जुना माऊस आहे. पोटात रबरी गोळी फिरायची, त्या पिढीतला. हल्ली फुलपाड्यातल्या एका कपाटात धूळ खातोय, पण रडगाणं गाणार नाही. तसला स्वभावच नाही माझा.

२००१ साली विरारच्या एका दुकानातून मला अश्लेषाने आणलं. कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम बनवणारी ही मुलगी भलती हट्टी. ज्याला प्रोग्रॅम वापरायचाय, त्यालाच तो चालवायला द्यायचा, आपण मागे वही घेऊन बसायचं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. माणूस कुठे अडतो, तेवढं टिपून घ्यायचं. चाचणी म्हणजे हीच, असं ती म्हणे.

सांडोरच्या एका दवाखान्यासाठी तिने आणि तिचे साहेब चंद्रहास यांनी प्रोग्रॅम बनवला. तिथे पेशंटचे केसपेपर शोधून देण्याचं काम व्हेरोनिकाबाई वीस वर्षं करत होत्या. महिनाअखेर मशीन जमलं नाही तर दुसरी मुलगी ठेवू, असं दवाखान्याच्या ट्रस्टींनी त्यांना बजावलं होतं. चाचणीच्या दिवशी माझ्यावरचा त्यांचा तळवा घामाने असा भिजला होता, की मलाच गुदमरायला झालं.

"डॉमनिक परेरांचा पेपर काढा," अश्लेषा म्हणाली आणि गप्प बसली.

पडद्यावर सात डॉमनिक परेरा आले. बाईंनी मला वर नेलं, खाली आणलं आणि थांबल्या. चांगलं मिनिटभर थांबल्या.

"दाबा ना बाई, कुठलाही दाबा! चाचणीच तर आहे," चंद्रहास करवादले. "अश्लेषा, यांच्याच्याने हे व्हायचं नाही."

"सर, तुम्ही जरा गप्प बसता का?"

अहो, साहेबाला!

बाईंनी मात्र मला दाबलं नाही ते नाहीच. "कुठलाही कसा दाबू? विहिरीकडच्या डॉमनिकला पेनिसिलिन चालत नाही. वडाकडच्याला चालतं. आमच्या खणात पेपर घरांच्या नावाने लावलेत. तुमचं मशीन घर विचारतच नाही!"

चंद्रहास उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. अश्लेषाने वहीत लिहिलं, 'चूक आपली.' मग आठवडाभर खपून तिने घराच्या नावाचा रकाना सगळ्यात वर बसवला.

दुसऱ्या चाचणीला ट्रस्टी स्वतः हजर. बाईंनी नावाबरोबर 'विहीर' लिहिलं, डॉमनिक आला एकच, आणि त्यांनी मला टक्कन दाबलं. काय आनंद झाला म्हणून सांगू! मग त्या ट्रस्टींकडे वळून म्हणाल्या, "आणा हो ती दुसरी मुलगी. मी शिकवते तिला."

मित्रांनो, आमची गोळी अधूनमधून पुसलीत तरी आम्ही खूश. माणसांची काळजी मात्र याहून जास्त घ्यावी लागते. कोणी अडला की लगेच त्याला ढ ठरवू नका, कशामुळे अडला ते विचारा. त्या दिवशी बाई घाबरून कुठलातरी डॉमनिक दाबून मोकळ्या झाल्या असत्या, तर चाचणी पास झाली असती, आणि पुढे कधीतरी एक माणूस हकनाक गेला असता.