दिवा वाढवा

मित्रांनो, हडपसरच्या पुढे, नदीच्या अंगाला 'गगनदीप' नावाची एक इमारत आहे. तिच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, डोक्यावर पत्र्याची टोपी घातलेला एक जुना फोकस उभा दिसेल. तो मी. कागदोपत्री माझं नाव फ्लडलाइट, पण त्या नावाने मला आजवर कुणी हाक मारलेली नाही. लोक फोकस म्हणतात आणि मीही ओ देतो.

माझा जन्म एका कारखान्याच्या शेडमध्ये झाला. तिथल्या एका बाईंनी माझी काच फडक्याने पुसली, मला एकदा लावून पाहिलं आणि खोक्यात घातलं. एवढंच माझं बालपण. खोकं उघडलं ते थेट या गच्चीवर. टाकीच्या भिंतीवर इमारतीचं नाव मोठ्या अक्षरांत रंगवलं होतं आणि त्यावर रात्रभर उजेड पाडायचा, हे माझं काम होतं. सोसायटीचे अध्यक्ष यज्ञेश्वरराव यांनी मला हौसेने विकत आणलं होतं. बँकेतून निवृत्त झालेला हा गृहस्थ सहसा कुणाचं कौतुक करत नाही, पण माझं केलं. सोलापूर रस्त्यावरून आपली इमारत दिसते, हे ते पाहुण्यांना गच्चीवर आणून दाखवत. रिक्षावाल्यांना पत्ता सांगायची गरजच उरली नाही. "फोकसच्या बिल्डिंगपाशी सोडा," एवढं पुरे व्हायचं. मी फुशारून गेलो होतो, हे लपवत नाही.

पुढे माझ्या काचेवर धूळ बसली आणि किडे मरून आत साठले. माझ्या उजेडात येणाऱ्या किड्यांवर टाकीमागच्या पाली चांगल्या गलेलठ्ठ झाल्या. मग एका पावसाळ्यात माझा मागचा बोल्ट गंजून सैल पडला आणि माझं तोंड हळूहळू आभाळाकडे वळलं. नाव अंधारात गेलं आणि माझा झोत ढगांवर पडू लागला. कुणीतरी यज्ञेश्वररावांच्या कानावर ते घातलं. ते म्हणाले, बरंच झालं, आता आणखी लांबून दिसतो. झालं. बोल्ट तसाच राहिला.

त्याच इमारतीत नीरजाताई राहतात. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवून त्या निवृत्त झाल्या. लहानथोर सगळ्यांना त्या अहो-जाहो करतात आणि ज्यांना करतात ते जरा दचकूनच असतात. रोज सकाळी त्या गच्चीवर फिरायला येत. दसऱ्याच्या सुमाराला मात्र फिरायचं सोडून त्या कठड्याशी थांबत, कारण धोबी यायची वेळ झालेली असे. कपडे धुणारा नव्हे. सतत शेपटी वरखाली करणारा, काळा-पांढरा, चिमणीएवढा पक्षी. हिमालयापलीकडून तो थंडीत आपल्याकडे येतो. इथून खाली, लोणी काळभोरकडे जाणाऱ्या नदीकाठावर अशी कितीतरी पाखरं उतरतात. त्यातला एखादा धोबी दरवर्षी आमच्या गच्चीवर यायचा, टाकीच्या गळतीपाशी पाणी प्यायचा आणि ताईंच्या पायांपुढे तुरुतुरु धावायचा. तो दिसला की ताई दिवसभर खुशीत असत. त्यांच्या त्या एकट्या घरात थंडीतला पाहुणा म्हणून तोच येई.

पण मागची दोन-तीन वर्षं तो आला नाही. ताईंनी पाखरांची माहिती असणाऱ्यांना विचारलं, पुस्तकं वाचली, आणि एके दिवशी माझ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. गच्चीचं कुलूप उघडायला आलेल्या बजरंगला त्यांनी सगळं सांगितलं. बजरंग म्हणजे आमच्या सोसायटीचा वायरमन, प्लंबर आणि जे म्हणाल ते. लोणीहून मोटारसायकलवर येतो. ताईंनी त्याला सांगितलं की यातली बरीचशी पाखरं रात्री उडतात आणि चांदण्यांकडे पाहून दिशा धरतात. खालून असा झगझगीत उजेड आला की त्यांना चांदण्या दिसेनाशा होतात. मग ती उजेडाभोवतीच घिरट्या घालत राहतात, थकतात, नाहीतर भिंतीवर आपटतात. ढगाळ हवा असली तर विचारायलाच नको. बजरंग मान हलवत होता, पण त्याचं निम्मं लक्ष टाकीच्या गळक्या नळाकडे होतं.

यज्ञेश्वररावांची परवानगी ताईंनी आधीच मिळवली होती. काय करायचं ते करा, पण मीटिंग घेऊ नका, असं ते म्हणाले होते. दसऱ्याला ताई मुलीकडे बेळगावला निघाल्या. जाताना गच्चीत येऊन त्यांनी बजरंगला शेवटचं बजावलं.

"बजरंग, पाखरं यायचे दिवस आले. आता हा दिवा वाढवा. विसरू नका."

बजरंग विसरला नाही. त्याच संध्याकाळी त्याने स्टोअररूममधून गणपतीच्या मांडवातला फोकस काढला, झटकला आणि माझ्याशेजारी बसवला. तो माझ्याहून तरुण आणि दुप्पट प्रखर. त्याचंही तोंड त्याने माझ्यासारखंच वर केलं. लांबून येणाऱ्या पाखरांना नीट दिसावं, असं त्याच्या मनात होतं. पाहुणे यायचे असले की आपण दारातला दिवा लावून ठेवतो, तसंच. यज्ञेश्वरराव बेहद्द खूश झाले. आणि मला? मला मान वाढल्यासारखं वाटलं. जोडीदार मिळाला होता.

दिवाळीनंतर एका रात्री आभाळ भरून आलं आणि नदीवरून धुकं वर चढलं. त्या धुक्यात आमच्या दोघांच्या उजेडाचा मोठा घुमट तयार झाला आणि त्यात पाखरं शिरली. ती गोल गोल फिरत होती आणि बाहेर पडत नव्हती. टाकीच्या भिंतीवर काहीतरी मऊ आपटायचं आणि खाली पडायचं. मित्रांनो, मला स्वतःला विझवता येत नाही. माझं तोंड माणसांनी घडवलं, वर वळू दिलं ते माणसांनीच, आणि बटणही त्यांच्याच हातात. तरीही त्या रात्रीचं मला फार वाईट वाटतं.

ताई नेमक्या त्या सकाळी बेळगावहून परतल्या आणि बॅग ठेवून तडक वर आल्या. धोबी आलाय का, ते आधी बघायचं होतं. धोबी आला होता. टाकीच्या पायाशी पडला होता. त्याच्याजवळ आणखी धोबी होते आणि ज्यांची नावं मला ठाऊक नाहीत अशी छोटी पिवळसर पाखरं होती. ताई खाली बसल्या आणि त्यांनी एकेक पाखरू उचलून पदरात घेतलं. एकाची छाती अजून हलत होती. तेवढ्यात बजरंग आला आणि जागीच थबकला.

"दुसरा दिवा कुणी लावला?" ताईंनी विचारलं.

"मीच लावला ताई. तुमीच म्हनला व्हता ना, दिवा वाढवा."

ताईंनी डोळे मिटून घेतले.

बातमी लपली नाही. पाखरांचे फोटो मोबाइलवर फिरले, शेजारच्या सोसायट्यांपर्यंत गेले आणि नको त्या कारणाने 'गगनदीप'चं नाव सगळीकडे झालं. यज्ञेश्वररावांना मीटिंग नको होती, ती घ्यावीच लागली आणि तीही गच्चीवर. कुणावर तरी खापर फोडायचं होतं आणि बजरंगचं डोकं सगळ्यांत जवळ होतं. न विचारता फोकस लावला म्हणून त्याला कामावरून काढावं, असं ठरत आलं होतं. बजरंग जिन्याच्या दाराशी खाली मान घालून उभा होता.

ताई उठल्या. बजरंगला काढायचं असेल तर आधी मला सोसायटीतून काढा, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, आमच्या वाईच्या घरी दिवा विझवा, बंद करा, असं कधी म्हणत नसत; अशुभ वाटे. दिवा वाढवा म्हणत. तोच शब्द माझ्या तोंडातून गेला आणि बजरंगने त्याचा सरळ अर्थ घेतला.

"अहो नीरजाताई, मग 'बंद कर' म्हणायचं होतंत," यज्ञेश्वरराव म्हणाले.

"म्हणायला हवं होतं. जन्मभर शब्दांचे अर्थ शिकवले आणि स्वतःच चुकले."

दारातून बजरंगचा आवाज आला.

"नारळ फोडताना आमी बी वाढवला असंच म्हनतो की ताई. माझ्याच ध्यानात नाय आलं."

त्यानंतर त्याला काढायची भाषा कुणी केली नाही. पण ताई खाली बसल्या नाहीत. गणपतीचा फोकस परत स्टोअरमध्ये जावा, मला टोपी घालून माझं तोंड खाली करावं, आणि दसऱ्यापासून होळीपर्यंत रात्री दहानंतर मला बंद ठेवावं, एवढं त्यांचं मागणं होतं. यज्ञेश्वररावांनी आधी चोरांची भीती घातली.

"चोर गच्चीवरून येत नाहीत, यज्ञेश्वरराव. पाखरं येतात."

मग ते म्हणाले की इमारत लांबून दिसणार नाही, मग तिचं नाव कसं होणार?

"सध्या झालंय तेवढं नाव पुरे नाही का?" ताई म्हणाल्या.

ठराव मंजूर झाला. बजरंगने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मला टोपी केली, गंजलेला बोल्ट काढून नवा घातला आणि माझी मान खाली वळवली. आता माझा उजेड जिन्याच्या पायऱ्यांवर पडतो. इतकी वर्षं त्या अंधारात होत्या आणि लोक तिथेच ठेचकाळत होते, हे मला तेव्हा कळलं. हलणाऱ्या छातीचा तो धोबी ताईंनी त्या सकाळीच बुटांच्या खोक्यात ठेवला होता. त्याच संध्याकाळी खोक्याचं झाकण उघडलं तसा तो नदीकडे उडून गेला.

पुढच्या दसऱ्याला ताई पुन्हा कठड्याशी उभ्या राहू लागल्या. बरेच दिवस गेले. रोज परत जाताना त्या जिन्याशी थांबून एकदा मागे वळून बघत. आणि एका सकाळी माझ्या टोपीवर टिक टिक वाजलं. धोबी होता. खोक्यातलाच का, ते मला सांगता येणार नाही. धोबी सगळे सारखेच दिसतात. ताईंनी त्याला पाहिलं, चष्मा काढला, पदराने पुसला आणि पुन्हा घातला. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की हलू नका, तो माझ्या डोक्यावर आहे.

रात्री दहाला बजरंग बटणाशी येतो तेव्हा खालच्या खिडकीकडे बघून हाक देतो, "ताई, दिवा वाढवतो हां." ताई आतून बरं म्हणतात. मग मी विझतो आणि माझ्यावरून कितीतरी पंख जातात, ते न थांबता.

मित्रांनो, तुमच्याही गच्चीवर, अंगणात, दुकानाच्या पाटीवर माझा एखादा भाऊ असेल. त्याचा बोल्ट तपासा, त्याची मान खाली करा, डोक्यावर टोपी घाला. आणि थंडीची पाखरं यायला लागली की झोपायच्या आधी त्याच्याजवळ जा आणि दिवा वाढवा. बजरंगने आधी वाढवला तसा नको. आता वाढवतो तसा.