गॅलरीतली कुबडी

सभागृहात तिला सगळेच वहिनी म्हणत. एकदा सभापतींच्या तोंडूनसुद्धा निघून गेलं होतं आणि ते कामकाजातून वगळावं लागलं होतं. कारण साधं होतं. ती संरक्षणमंत्र्यांची सख्खी भावजय. नवरा गेल्यावर त्याच्याच जागेवर निवडून आली आणि दिराने तिला आपल्या बरोबर मागचं बाक दिलं. मंत्री बोलायला उभे राहिले की कॅमेऱ्यात त्यांच्या खांद्यामागे भावाची विधवा दिसावी, एवढंच तिचं काम. ते काम तिने बरीच वर्षं मूग गिळून केलं.

मग सुरुंगांचं विधेयक आलं. आणलं होतं विरोधकांनी. सीमेवर पेरलेले सुरुंग काढायचे, कोठारांतला साठा मोडून टाकायचा आणि यापुढची प्रत्येक शस्त्रखरेदी आधी सभागृहापुढे मांडायची. सरकार म्हणालं, म्हणजे दाराची कडी आपणच काढून ठेवायची आणि चोराला सांगायचं, या. पण सरकारच्या बाकांवरही चुळबुळ होती. मोजणारे म्हणत होते, एखाददुसऱ्या मताचा खेळ आहे.

वहिनींच्या घरात हा प्रश्न रोज पानावर जेवायला बसत असे. त्यांची थोरली नणंद, म्हणजे मंत्र्यांची सख्खी बहीण, त्यांच्याकडेच राहायची. तरुणपणी सीमेजवळच्या गावात सरपण आणायला गेली आणि गुडघ्याखालचा पाय तिथेच ठेवून आली. सुरुंग आपल्याच सैन्याचा होता. युद्ध कधीच संपलं होतं, पण उचलायला कुणी आलं नव्हतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, त्यामुळे घरात त्यावर कुणी बोललं नाही. धाकट्या भावाने, म्हणजे वहिनींच्या दिराने, मात्र राजकारणात शिरल्यावर तो पाय भाषणात घेतला आणि भाषणात सुरुंग दर वेळी शत्रूचा झाला. घरी आला की दारातूनच सांगायचा, "ताई, तू उठू नकोस." तिला चालताना त्याला बघवत नसे, किंवा बघायचं नसे.

मतदानाच्या आदल्या दिवशी त्याने वहिनींना दालनात बोलावलं. शेजारी पक्षाचे प्रतोद बसले होते.

"तुम्ही 'होय' म्हणणार, हे मला ठाऊक आहे," दीर म्हणाला. "मग मला तुम्हाला पक्षातून काढावं लागेल. घरचं माणूस काढू कसं? म्हणून तुमची जोडी लावलीय."

जोडी ही त्या सभागृहाची जुनी रीत. एका बाजूचा सदस्य आजारी पडला की दुसऱ्या बाजूचा एकजण मतदानापुरता बाहेर थांबतो, म्हणजे आजारपणाचा फायदा कुणाला मिळत नाही. कागदावर काही नसतं, सगळं शब्दावर चालतं, आणि तो शब्द आजवर कुणी मोडला नव्हता. आजारी माणूस फाटकातून आत आला तरच जोडी सुटते.

विरोधकांचे सगळ्यात वयस्कर सदस्य, ज्यांना सगळे आजोबा म्हणत, खुब्याचं हाड मोडून इस्पितळात पडले होते. त्यांचं मत 'होय'. वहिनींचंही 'होय'. विरोधकांना बिचाऱ्यांना वाटलं, सरकारचं एक मत कमी झालं. प्रत्यक्षात सरकारचं काहीच गेलं नाही. साप मरावा आणि काठीही मोडू नये म्हणतात, ते हेच.

"मला न विचारता?" वहिनी म्हणाल्या.

"विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असतात," प्रतोद हसत म्हणाले.

"खाल्ल्या घरचे वासे मोजू नका, वहिनी," दीर म्हणाला. "उद्या निवांत कॅन्टीनमध्ये बसा."

वहिनी घरी आल्या त्या धुमसतच. पर्स कॉटवर आपटली आणि नणंदेला सगळं सांगितलं. नणंद शेंगा सोलत होती, तिचा हात थांबला नाही.

"म्हातारा येऊ शकत नाही, असं कोण म्हणालं?"

"प्रतोदांनी आजोबांच्या मुलाला विचारलं, वन्सं."

"म्हणजे म्हाताऱ्यालाही कुणी विचारलं नाही. घाल चपला."

आजोबा खिडकीजवळच्या खाटेवर रुसून पडले होते. शस्त्रक्रिया चांगली झाली होती. डॉक्टर रोज म्हणत होते, चला, आणि ते रोज म्हणत होते, उद्या.

"डॉक्टरच्या बापाचं काय जातंय," ते म्हणाले. "दुखतं ते मला."

नणंदेने स्टुलावर बसून पट्टे सोडले, लाकडी पाय काढला आणि त्यांच्या पांघरुणावर ठेवला.

"हा घ्या. आणि तुमचे दोन्ही मला द्या. नुसतेच पडलेत."

आजोबांनी पायाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि ठसका लागेपर्यंत हसले. मग गंभीर झाले. "बाई, मी काही सगळ्या बंदुका मोडा म्हणणारा नव्हे. शेजारी काठी घेऊन उभा असताना मी हात बांधून बसणार नाही."

"बंदुका राहू द्यात," नणंद म्हणाली. "बंदूक झाडणारा निदान समोर कोण आहे ते बघतो."

आजोबांनी वहिनींकडे चष्मा मागितला आणि नर्सला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी गॅलरी भरलेली होती. नणंद पहिल्या रांगेत कुबडी आडवी धरून बसली होती. खाली मंत्री रंगात आले होते. "सुरुंग हा असा शिपाई आहे, जो झोपत नाही, रजा मागत नाही, पगार मागत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीचा पाय शत्रूच्या सुरुंगाने नेला, तरी मी सांगतो..."

वहिनी उभ्या राहिल्या. जोडीतल्या सदस्याला मत नसलं तरी बोलायला बंदी नव्हती, हे कालच्या गडबडीत प्रतोद विसरले होते. मंत्री खाली बसेपर्यंत त्या तशाच उभ्या राहिल्या.

"तो सुरुंग शत्रूचा नव्हता," त्या म्हणाल्या. "आपला होता. भावोजींना माहीत आहे, मला माहीत आहे, आणि आजवर मी मागे बसून मान हलवली. आता हलवणार नाही. हा शिपाई पगार मागत नाही, खरंय. पण युद्ध संपलं हे त्याला कुणी सांगतही नाही."

एकच गोंधळ उडाला. प्रतोद ओरडून सांगत होते की सदस्या जोडीत आहेत, त्यांनी बाहेर जावं. मतदानाची घंटा झाली आणि त्याच वेळी समोरच्या दारात आजोबा दिसले. वॉर्डबॉयला आत यायला मनाई, म्हणून त्यांनी त्याचा हात सोडला आणि बाकांना धरत धरत ते आपल्या जागेपर्यंत आले. घामाने चष्मा नाकावरून घसरत होता. जोडी सुटली, आणि प्रतोद मटकन खाली बसले.

मत उभं राहून, मोठ्याने द्यायचं. वहिनींनी "होय" म्हटलं ते दिराच्या मानेमागे, वीतभर अंतरावरून. मग त्या सरळ मधला गालिचा ओलांडून विरोधकांच्या बाकांकडे गेल्या आणि आजोबांची पाळी आली तेव्हा त्यांना आपला खांदा दिला. त्यांचा "होय" कसाबसा निघाला, पण निघाला.

विधेयक एका मताने मंजूर झालं. वहिनी आपल्या जागेवर परतल्या. सभापतींनी निकाल वाचला आणि वर गॅलरीत कुबडी एकदा फरशीवर आपटली.

"प्रेक्षकांना आवाज करायला मनाई आहे," सभापती म्हणाले. "त्या बाईंना बाहेर न्या."

"जाते की," वरून नणंद म्हणाली. "पण सावकाश जाईन. घाईला लागतो तो पाय सरकारजमा झालाय."

प्रेक्षकाला बाहेर काढत असताना कामकाज थांबतं आणि कुणी जागा सोडायची नाही, असा नियम. त्यामुळे सगळे होते तिथेच राहिले. कुबडी, मग लाकडी पाय, मग थोडं थांबणं. पुन्हा कुबडी. लाकडी जिन्यावरून तो आवाज एकेक पायरी उतरू लागला. तो पूर्ण सभागृहात ऐकू येत होता.

"उद्या तुम्हाला पक्षातून काढतो," मागे न वळता दीर म्हणाला.

"काढा," वहिनी म्हणाल्या. "आमच्या घरात हा आवाज रोज असतो, भावोजी. आज तरी ताईंना उठू नकोस म्हणू नका."

त्याने फायली आवरायला घेतल्या, मग हात थांबला. जिन्याच्या अजून बऱ्याच पायऱ्या बाकी होत्या.