काळ्या गाळण्यांचा चमत्कार

रविवारी सकाळी इमारतीच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नव्हती. कठड्यावर कपड्यांऐवजी ओळीनं गाळण्या टांगल्या होत्या. घर थंड-गरम ठेवणाऱ्या यंत्रात हवा गाळायला बसवतात ना, त्या, पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या. सगळ्या काळ्याठिक्कर. आणि जिची गाळणी जास्त काळी तिचा तोरा मोठा.

"आमची बघा, तवा झालाय नुसता," शिंपीणकाकू चौथ्यांदा सांगत होत्या. "एवढं विष एका रात्रीत निघालं."

सेक्रेटरीसाहेबांची गाळणी जेमतेम करडी झाली होती. बिचारे ती वर्तमानपत्राआड धरून उभे होते.

हा सगळा प्रताप फुंकरबुवांचा. बुवा प्रत्येक गाळणीवर फुंकर मारून मगच ती देत. "बाजारात आठ नंबरची मिळते, अकराची मिळते," ते सांगत. "ही नव्याण्णव नंबरी. शंभरावा नंबर मी स्वतःसाठी ठेवलाय." गाळणीबरोबर शुद्धिज्योत, म्हणजे मनगटाएवढी जाड सुगंधी मेणबत्ती. यंत्र जिथून हवा ओढतं त्या जाळीखाली ती रात्रभर तेवत ठेवायची. "ज्योत विषाला बोलावते, गाळणी त्याला धरते." हे ऐकून शिकलीसवरलेली माणसंही माना डोलवत होती.

बाईंचं मात्र डोकं फिरलं होतं. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या. एरवी त्यांनी बुवांना उभं सोललं असतं, पण बुवांची पहिली भक्त त्यांचीच धाकटी जाऊ, समोरच्या दारात राहणारी. तिच्या छकुलीला दमा होता. आणि बुवांनी बजावलं होतं की गाळणी आणि दम्याचा श्वासात ओढायचा पंप एका घरात नांदत नाहीत. पंप कपाटात ठेवा, पोरगी आपोआप बरी होईल.

"पंप बंद करू नकोस गं," बाईंनी परोपरीनं सांगितलं होतं.

"तुमच्या विज्ञानानं सुटला का तिचा पंप, ताई?" जाऊ म्हणाली होती. "मग मला दुसरं काही करून बघू दे." ते बाईंना फार लागलं होतं.

मग बाईंनी मुलांना वर्गात सांगतात तेच केलं. बुवांकडून तीच गाळणी आणली, आपल्या यंत्रात बसवली आणि मेणबत्ती लावलीच नाही. सकाळी गाळणीवर थोडी धूळ, बाकी ती पांढरीच. त्यांनी ती मुद्दाम कठड्यावर टांगली. लोक हळहळले. बुवांनी दुरून बघून निदान केलं, "विष फार खोल बसलंय. बाई, तुम्ही दोन ज्योती लावा."

आता बोला. काळी झाली तर बुवा खरे, नाही झाली तरी बुवाच खरे.

इतक्यात जावेच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "बर्फ आलाय, बर्फ." सगळी गॅलरी तिकडे लोटली. बाहेर ऊन रणरणत होतं आणि यंत्राचं झाकण उघडल्यावर आतल्या नळ्यांवर बोटभर बर्फ. बुवांनी डोळे मिटले. "या घरातली हवा हिमशिखरावरच्या हवेइतकी शुद्ध झाली," ते म्हणाले. लोकांनी हात जोडले. खोली भट्टीसारखी तापली होती, सगळे घाम पुसत होते, पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

बाईंचं लक्ष कोचाकडे गेलं. छकुली दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे झुकून बसली होती. तिचे खांदे वरखाली होत होते आणि छातीतून शिट्टी वाजत होती. बाई धावत जाऊन तिच्याशेजारी बसल्या.

"पंप कुठाय?"

"नेम मोडेल, ताई..."

"खड्ड्यात गेला नेम. पोरीकडे बघ आधी."

जावेनं बुवांकडे बघितलं. बुवा छताकडे बघत होते. मग तिनं लेकीकडे बघितलं, आणि धावत जाऊन कपाट उघडलं. पंप घेतल्यावर हळूहळू छकुलीचे खांदे खाली आले.

मग बाई उठल्या. त्यांनी स्वयंपाकघरातली पांढरी बशी आणली, ज्योत गॅलरीत उघड्यावर नेऊन पेटवली आणि बशी तिच्यावर धरली. बशी बघता बघता काळी झाली.

"बशीनं कुणाचं विष ओढलं, बुवा?"

"ते... गॅलरीतलं विष."

सेक्रेटरीसाहेबांना हसू आवरेना.

"ही मेणाची काजळी आहे," बाई म्हणाल्या. "जाळीखाली मेणबत्ती जाळायची आणि गाळणी काळी झाली की विष म्हणायचं. माझ्या घरी जाळली नाही, म्हणून माझी पांढरी राहिली. आणि काकू, पदर नाकावर धरून श्वास घ्या. आता आठपदरी घडी करून घ्या."

"जीव घुसमटतो की," पदराआडून काकू म्हणाल्या.

"यंत्राचंही तेच झालंय. आकडा जितका मोठा तितकी गाळणी दाट. पण यंत्राला झेपेल तेवढीच घ्यायची, झाकणाच्या आत छापलेलं असतं. मोजपट्टी सोळावर संपते, नव्याण्णव बुवांच्या पोटातून आलंय. असली दाट गाळणी, त्यात काजळीनं बुजलेली, तिच्यातून पंख्याला हवाच ओढता येत नाही. नळ्यांवरून हवा गेली नाही की त्या गोठतात, आणि खोली तापते."

बाईंनी गाळणी उपसली आणि नुसता पंखा चालू ठेवला. बर्फ टपटप गळून गेला. मग थंडावा चालू केला आणि खोली हळूहळू निवली. "इथली श्रद्धा पातळ आहे," असं पुटपुटत बुवा केव्हाच जिना उतरले होते.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं, दमा उफाळला तो त्या धुरानंच. जाऊ ढसाढसा रडली. "तिचा पंप सुटावा एवढंच हवं होतं मला."

"कुठल्या आईला नको असतं?" बाई तिला जवळ घेत म्हणाल्या. "त्यावरच तर त्याचं दुकान चालतं. माझं चुकलं ते एवढंच, मी आधीच भांडायला हवं होतं."

पुढं जावेनं झाकणातला आकडा बघून गाळणी आणली. ती बदलायची वेळ आली तेव्हा जुनी झटकून तिनं कठड्यावर ठेवली. शिंपीणकाकूंनी निरखून बघितलं.

"नुसती करडी? काळी नाही झाली?"

"नाही, काकू. काळं दिसलं की हात जोडायच्या आधी विचारायचं, घरात जळतंय काय," जाऊ म्हणाली. "आमच्याकडे काही जळतच नव्हतं."

आत छकुली पंप घेऊन, दप्तर पाठीला लावून शाळेला निघाली होती.